समुद्रातून आलेली घोड्याची शिकवणी

काठीच्या टोकाला एक चेंडू लावायचा आणि ती घोड्यासमोर धरायची. घोडा कुतूहलाने नाक पुढे करतो. नाक चेंडूला लागलं, की त्याच क्षणी हातातला क्लिकर ‘टिक्’ वाजवायचा आणि मागोमाग गाजराचा तुकडा द्यायचा. तोही हात लांब करून, घोड्याचं तोंड जिथे असावं असं आपल्याला वाटतं तिथे. अंगाजवळ दिलात तर चेंडू राहतो बाजूला आणि घोडा खिसे हुंगायला लागतो.

बक्षीस देऊन घोडा शिकवणाऱ्यांचा हा पहिला धडा. घोड्याच्या शिकवणीची ही रीत तबेल्यातच जन्मली असणार, असं कुणालाही वाटेल. माझं ठाम मत असं, की ती डॉल्फिनच्या तलावात घडली आणि तिथून घोड्यापर्यंत आली.

कारण साधं आहे. टाच रुतते, घोडा चालू लागतो, टाच सैल पडते. त्रास थांबणं हेच घोड्याचं बक्षीस, आणि या हिशोबावर माणसाची घोडेस्वारी शतकानुशतकं चालली. लगाम हाताशी असताना दुसरं काही शोधायची गरजच कुणाला पडली नाही. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही. त्याच्यावर चिडलात तर तो शांतपणे तलावाच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. तिथे माणसापाशी उरतात तीनच गोष्टी: मासळी, शिट्टी आणि नाक लावायला एक काठी.

हे तंत्र तलावापर्यंत पोचवलं केलर आणि मॅरियन ब्रेलँड या अमेरिकी दांपत्याने. दोघेही मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात कबुतरांकडून बॉम्बला दिशा देण्याच्या स्किनरच्या प्रकल्पात दोघांनी काम केलं आणि पुढे प्राणी शिकवण्याचा धंदाच उभारला. पन्नाशीच्या दशकात ते फ्लोरिडात डॉल्फिन शिकवण्याच्या कामात शिरले.

आता त्या ‘टिक्’विषयी, कारण खरा वाद तिथे आहे. एक लोकप्रिय गोष्ट तिचं मूळ युद्धात शोधते. 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकेच्या 101व्या हवाई डिव्हिजनच्या छत्रीधारी सैनिकांकडे पितळी टिकटिके होते. अंधारात एक टिक् केली आणि उत्तरादाखल दोन आल्या, तर समोरचा आपला. गोष्ट खरी आहे, पण घोड्याच्या कुळात ती बसत नाही. सैनिकाची टिक् ओळख विचारते. घोड्याची टिक् ‘आत्ता केलंस ते बरोबर, खाऊ येतोय’ असं सांगते. स्किनरने 1951 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखात प्राणी शिकवायला जो टिकटिका सुचवला, तो स्वस्त दुकानात मिळणारं पोरांचं खेळणं होता. आपल्या जत्रेतला पत्र्याचा बेडूक वाजतो तसलाच. त्याच वर्षी ब्रेलँड दांपत्याचाही या विद्येवरचा लेख छापून आला, त्यामुळे श्रेय गुरूचं की शिष्यांचं यावर वाद घालता येतो. माझं माप शिष्यांच्या बाजूने झुकतं. गुरूने कल्पना लिहिली, पण तिच्यावर पोट भरून दाखवलं ते त्यांनी.

माझ्या सिद्धांताला दोन तगडे प्रतिस्पर्धी आहेत. पहिला ग्रीक झेनोफोन. जबरदस्तीने करवलेलं घोड्याला कळत नाही, असं त्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवलं. मोठा माणूस, घोड्यावर माया करणारा. पण त्याचं बक्षीस बघा: घोड्याने सुंदर काम केलं, की स्वाराने खाली उतरावं आणि लगाम काढावा. म्हणजे पुन्हा सुटकाच.

दुसरा बर्लिनचा ‘हुशार हान्स’. फॉन ओस्टेन या निवृत्त गणित शिक्षकाने पाव आणि गाजरं देऊन घोड्याला गणित शिकवलं, निदान त्याची तशी खात्री होती. उत्तराइतके ठोके हान्स खुराने देई. 1907 साली ऑस्कर फुंग्स्टने उलगडा केला. ठोके पुरे होताच विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर होई आणि ते पाहून घोडा थांबे. गाजर होतं, शिकणारा तर असामान्य होता. पण गाजर नेमकं कशाबद्दल मिळतंय हे मालकालाच ठाऊक नव्हतं. खूण माणसाने द्यायची, ती इथे घोड्याने स्वतः हेरली. टिक् लागते ती एवढ्याचसाठी.

डॉल्फिनकडून घोड्याकडे येणाऱ्या वाटेवर कॅरन प्रायर भेटते. हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये 1963 साली डॉल्फिन शिकवायला लागण्याआधी तिने वेल्श तट्टं पाळली आणि शिकवली होती. तिचं 1984 सालचं ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक कुत्रेवाल्यांनी उचललं. घोड्यासाठी ते अंगावर घेतलं न्यूयॉर्क राज्यातल्या अलेक्झांड्रा कर्लंडने. 1993च्या सुमारास तिचा घोडा पेरेग्रिन खुरात पू झाल्याने ठाणबंद होता. चालवता येत नाही, फिरवता येत नाही. तिने त्याच्याशी हाच खेळ सुरू केला. 1998 साली तिचं पुस्तक आलं.

पुढची चढण तिने छान रचली. चेंडूला नाक लावणं जमलं, की चेंडू थोडा खाली धरून मान खाली घ्यायला शिकवायचं. मग मागे सरणं, कान पुढे ठेवणं, चटईवर पाय ठेवून उभं राहणं. शिकवणारा हातात खाऊ घेऊन उभा असताना तोंड न घालता थांबणं हाही एक धडाच, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. प्रत्येक धडा आधीच्यातून फुटतो: पावलाला टिक्, मग दोन पावलांना, मग चटईवरच्या पावलाला.

2001 साली याच रीतीची परीक्षा पाच घोड्यांवर झाली. पाचही क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्या, ट्रेलरमध्ये चढायला अडून बसणाऱ्या. आधी त्यांच्यावर दंडेलीचे उपाय होऊन गेले होते. आता दोरीची ओढाताण बंद केली आणि नाक लावायची वस्तू टप्प्याटप्प्याने आत सरकवत नेली. घोड्या चढल्या, आडमुठेपणा थांबला. मग शिकवणारा बदलून पाहिला, ट्रेलरही बदलला, तरी त्या चढल्या.