नाडी थांबली, हृदय थांबले नाही

१९५७ साली मॅरियन वेंगर आणि मूळचे बंगालचे बी. के. बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून भारतात आले. सोबत मेंदू, हृदय व श्वास यांच्या हालचाली कागदावर उमटवणारे यंत्र होते. इच्छेनुसार हृदय बंद करता येते, असे सांगणाऱ्या योग्यांची परीक्षा त्यांना घ्यायची होती.

हा प्रश्न नवा नव्हता. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांचे मापन प्रयोगशाळेत सुरू केले होते. १९३५ मध्ये फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस भारतात आल्या. त्यांनी घेतलेल्या एका आलेखात हृदयाचे विद्युत्संकेत जवळजवळ लोपलेले दिसले, आणि ‘योगी हृदय थांबवतात’ ही समजूत बळावली.

वेंगर आणि बागची यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद यांच्यासह या दाव्याची फेरतपासणी केली. त्यांचा निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. योगी श्वास रोखून छातीचे व पोटाचे स्नायू घट्ट आवळत. त्यामुळे छातीतील दाब वाढे, शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त घटे, मनगटावरची नाडी लागेनाशी होई आणि स्नायूंच्या आवाजात हृदयाचे ठोके बुडून जात. विद्युत्‌आलेखावर मात्र हृदयाचे स्पंदन अखंड चालू होते.

चमत्कार संपला, शोध मात्र संपला नाही. त्याच वर्षी आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानमग्न योग्यांच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध केले. तीव्र प्रकाश, मोठा आवाज, तापलेल्या काचनळीचा स्पर्श यांनी एरवी मेंदूतील शांत अल्फा लहरी खंडित होतात. समाधीत त्या टिकून राहिल्या. दोन योग्यांनी ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात ठेवला, तरीही त्या लहरी ढळल्या नाहीत. हे निरीक्षण मोजक्याच व्यक्तींचे होते, त्यामुळे त्यावरून सरसकट निष्कर्ष काढणे योग्य ठरले नसते. परंतु मनाचा सराव शरीरात मोजता येतो, एवढे त्यातून दिसले.

मग सामान्य माणसाच्या हाती काय उरते? परीक्षेपूर्वी धडधडणारे हृदय आज्ञेने शांत होत नाही, कारण त्याचा कारभार स्वायत्त चेतासंस्थेकडे असतो. श्वास मात्र दोन्ही सत्तांखाली आहे: तो आपोआप चालतो आणि इच्छेनेही बदलतो. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस चेतातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती किंचित उतरते. २००१ मध्ये इटलीतील लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींचा अभ्यास केला. ख्रिस्ती जपमाळ असो वा योगमंत्र, दोन्हींच्या पठणाने श्वास मिनिटाला सुमारे ६ वर येत होता आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनक्षम होत होती. परिणाम कोणत्याही एका धर्माच्या शब्दांपुरता नव्हता. दोन्हींत समान होती ती लय.

म्हणजे हृदय थांबवण्याची सिद्धी कोणालाच नव्हती; ते थोडे सावकाश करण्याची सोय प्रत्येकाजवळ आहे. काही मिनिटे संथ श्वास आणि लांब उच्छ्वास यांनी क्षणिक ताण हलका होऊ शकतो.

या इतिहासाचा दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा. नाडी लागत नाही म्हणून हृदय बंद पडलेले नसते. तसेच चेहरा शांत आहे म्हणून आतली चिंता संपलेली नसते. झोप उडणे, अभ्यासात लक्ष न लागणे, अकारण भीती वाटणे असे आठवडेच्या आठवडे चालले, तर केवळ श्वासाच्या सरावावर विसंबून राहणे धोक्याचे. अशा वेळी उपचार घेणे ही दुर्बलता नव्हे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या राष्ट्रीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. दाव्यापेक्षा मापनावर विश्वास ठेवावा, हे त्या यंत्राने शिकवले. स्वतःच्या मनाच्या बाबतीतही तोच नियम लागू होतो.