‘द मिसिंग’चा शेवट बघून प्रेक्षक इतके का चिडले होते?

२००६ चा उन्हाळा. फ्रान्समधलं एक छोटं गाव. फुटबॉल विश्वचषकाची मॅच सुरू आहे आणि पोहण्याच्या तलावाशेजारच्या बारमध्ये लोक टीव्हीला चिकटलेत. रेटारेटीत बापाच्या हातातून पाच वर्षांच्या मुलाचा हात सुटतो. जल्लोष उसळतो, बाप मान वळवून बघतो, तर पोरगं जागेवर नाही.

२८ ऑक्टोबर २०१४ ला बीबीसी वनवर ‘द मिसिंग’ ही मालिका सुरू झाली. हॅरी आणि जॅक विल्यम्स या भावांनी ती लिहिली होती. आठ भाग, दर आठवड्याला एक. हरवलेला मुलगा ऑली ह्यूज, त्याचे वडील टोनी म्हणजे जेम्स नेस्बिट, आई एमिली म्हणजे फ्रान्सिस ओ’कॉनर. तपास करणारा फ्रेंच अधिकारी ज्युलियन बाप्टिस्ट साकारला चेकी कार्यो यांनी. कथेतलं शालाँ दु ब्वा हे गाव काल्पनिक आहे.

मालिका येण्याआधीच तिच्याकडून काय हवं, हे ब्रिटिश प्रेक्षकांचं ठरलेलं होतं. त्याला कारण ‘ब्रॉडचर्च’. २०१३ मध्ये आयटीव्हीवर आलेल्या त्या मालिकेत अकरा वर्षांच्या मुलाचा खून होतो आणि आठ भाग अख्खा देश खुनी कोण यावर तर्क लढवत बसतो. शेवटच्या भागात नाव कळतं. सवय लागली ती अशी: सात आठवडे संशय घ्यायचा, आठव्या आठवड्यात मोकळं व्हायचं.

पण खुनाची गोष्ट आणि हरवण्याची गोष्ट एक नाही. खुनात सगळ्यात वाईट जे व्हायचं ते पहिल्याच भागात होऊन गेलेलं असतं. उरतो तो फक्त ‘कोणी’ हा प्रश्न. मूल हरवलं की सगळ्यात वाईट गोष्ट अजून पुढे कुठेतरी उभी असते, आणि कदाचित नसतेही. म्हणून असली मालिका बघताना माणूस तपास कमी करतो आणि आशा जास्त लावतो.

‘द मिसिंग’ने हे बरोबर ओळखलं होतं. गोष्ट २००६ आणि २०१४ अशी दोन काळांत पुढेमागे फिरते. २०१४ मध्ये टोनी दारूत बुडालेला, एकटा, तरी शोध सोडायला तयार नाही. एमिली दुसऱ्या माणसाशी लग्न करणार आहे, आणि तो माणूस या तपासातला ब्रिटिश पोलिस अधिकारी. बाप्टिस्ट निवृत्त झालाय आणि लंगडतोय. मग मुलाच्या प्रश्नाइतकाच दुसरा प्रश्न छळायला लागतो: या तिघांचं मधल्या आठ वर्षांत काय झालं? खरं तर मालिकेची ताकद इथे आहे, संशयितांच्या यादीत नाही.

आता शेवट. मालिका बघायची असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

ऑलीला कोणा टोळीने पळवलेलं नसतं. तो एका कोल्ह्यामागे धावत रस्त्यावर जातो आणि हॉटेलमालकाच्या गाडीची धडक बसते. मालक दारू प्यायलेला. मुलगा मेला असं समजून तो गावचा महापौर असलेल्या आपल्या भावाला बोलावतो. पुढचं सगळं लपवालपवीचं आहे, आणि त्यातच ऑलीचा जीव जातो, कारण धडकेत तो मेलेलाच नसतो. मृतदेह मात्र सापडत नाही. एमिली हे उत्तर स्वीकारते. टोनी नाही. शेवटच्या दृश्यांत तो रशियात आहे, दाढी वाढलेली, एका अनोळखी मुलाला आपलाच ऑली समजून त्याच्याशी बोलू बघणारा.

१६ डिसेंबर २०१४ ला हा भाग संपला आणि प्रेक्षकांत उभी फूट पडली. काहींना तो थोर वाटला, अनेकांना आठ आठवडे वाया गेल्यासारखे वाटले. गंमत अशी की उत्तर तर दिलं होतं. कोणी, कसं, का, सगळं सांगितलं होतं. नव्हता तो मृतदेह, म्हणजे पुरावा. आणि पुरावा नाही म्हणून उत्तर मानायचं नाही, हेच तर टोनीही करत होता. चिडलेला प्रेक्षक नेमका त्याच्याच जागी उभा होता.

या मालिकेची तुलना मॅडेलिन मॅक्कनच्या प्रकरणाशी होणं अटळ होतं. ३ मे २००७ ला पोर्तुगालमधल्या प्राया दा लूझ इथून ही ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली. चौथा वाढदिवसही झाला नव्हता. तिचा पत्ता अजून लागलेला नाही. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्तुगीज पोलिसांनी आईवडिलांनाच संशयित ठरवलं आणि वर्तमानपत्रांना जोर चढला. जुलै २००८ मध्ये तो शिक्का निघाला. त्याआधीच मार्चमध्ये एक्सप्रेस वृत्तपत्र समूहाला पहिल्या पानावर माफी मागून साडेपाच लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली होती. ‘घरातलाच कोणीतरी असणार’ हा मालिका बघताना सोयीचा वाटणारा नियम खऱ्या माणसांना लावला की असं होतं. सोशल मीडियावर तर भरपाई कोणी कोणाकडून मागायची हाही प्रश्नच.

विल्यम्स बंधूंनी २०१६ च्या दुसऱ्या पर्वात डाव उलटा टाकला. जर्मनीतल्या ब्रिटिश लष्करी तळावरून हरवलेली ॲलिस वेबस्टर सुरुवातीलाच अकरा वर्षांनी परत येते. आईवडिलांच्या भूमिकेत कीली हॉज आणि डेव्हिड मॉरिसी. मूल सापडलंय, तरी घर जुळत नाही, कारण आलेली मुलगी खरंच आपली का, हा संशय आईचं मन पोखरतो. या वेळी शेवट बराच स्पष्ट ठेवला होता.

आपल्याकडे याच विषयावरचा एक सिनेमा फारसा कोणी पाहिलेला नाही. रिची मेहता यांचा ‘सिद्धार्थ’, २०१३ चा. याच मेहतांनी पुढे ‘दिल्ली क्राइम’ केली. दिल्लीच्या रस्त्यांवर चेन दुरुस्त करणारा बाप बारा वर्षांच्या मुलाला लुधियानाच्या कारखान्यात कामाला पाठवतो आणि पोरगा दिवाळीला घरी येत नाही. राजेश तैलंग बाप झालेत, तनिष्ठा चॅटर्जी आई. कुणीतरी सांगतं, हरवलेली मुलं ‘डोंगरी’ला असतात. ही डोंगरी कुठे आहे हेच त्याला माहीत नाही. विचारत विचारत तो मुंबईत पोहोचतो. सिनेमाचं बीज खरं होतं. दिल्लीत एका रिक्षावाल्याने मेहतांना हाच प्रश्न विचारला होता, डोंगरी कुठे आहे म्हणून, कारण त्याचा मुलगा हरवला होता.

इथे बाप्टिस्ट नाही, पत्रकार परिषद नाही. मुलगा सापडत नाही आणि त्याचं काय झालं तेही कळत नाही. तरीही हा शेवट बघून फसवल्यासारखं वाटत नाही, कारण सिनेमाने सुरुवातीपासूनच शोधाची ऐपत किती हे सांगून ठेवलेलं असतं. पोलिस फोटो मागतात, तेव्हा बापाकडे मुलाचा एकही फोटो नसतो.