धनुष्य, दंड आणि एक सुई : बिंदू नेमका कोठे?

१/ आपला हात बाजूने खांद्याच्या पातळीपर्यंत उचलून पाहा. खांद्याच्या टोकाशी दोन खळगे उमटतात. त्यांपैकी पुढचा खळगा म्हणजे चिनी वैद्यकातील ‘च्येन-यू’ हा ॲक्युपंक्चरचा बिंदू. येथे टोचलेल्या एका सुईची नोंद चीनच्या अधिकृत इतिहासग्रंथात आहे. #थ्रेड

२/ काळ स्वेइ राजवंशाचा, इ. स. ५८१ ते ६१८. लू प्रांताचा अधिकारी खू-दी छिन याला वातविकारामुळे धनुष्याची दोरी ओढवेना. सारे वैद्य हरले. झेन छुआन या वैद्याने त्याला धनुष्यबाण घेऊन लक्ष्यासमोर उभे केले, च्येन-यूमध्ये एक सुई टोचली आणि त्याच क्षणी बाण सुटला!

३/ कथा रम्य आहे. परंतु ती ज्या ग्रंथात येते, तो ‘थांग राजवंशाचा जुना इतिहास’ पूर्ण झाला ९४५ मध्ये, म्हणजे तीन शतकांहून अधिक काळानंतर. एका रुग्णाची अशी कथा उपचाराचा पुरावा ठरत नाही. मात्र वैद्याची कीर्ती एका अचूक जागेवर उभी होती, एवढे ती निश्चित सांगते.

४/ ही जागा ठरवायची कशी? ‘लिंगशू’ या प्राचीन ग्रंथात प्रमाण देहाची मापे दिली आहेत : खांद्यापासून कोपरापर्यंत १७ त्सुन, कोपरापासून मनगटापर्यंत साडेबारा. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी याने आपल्या संकलनात दंडावरील ‘बी-नाओ’ हा बिंदू कोपराच्या वर ७ त्सुन असा नोंदवला.

५/ पण त्सुन कोणाचा? पहिलवानाचा दंड आणि बालकाचा दंड सारखा नसतो. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमियाओ याने रुग्णाच्याच मधल्या बोटाच्या पेरावरून त्सुन ठरवण्याची रीत सांगितली. आयुर्वेदातील ‘स्वांगुल’ आठवते ना? तेथेही मोजपट्टी रुग्णाच्या हातातच असते.

६/ तरीही घोळ संपला नाही. हस्तलिखितांच्या नकला होत गेल्या, तशा चुकाही वाढल्या. शिवाय सपाट चित्रावर दंडाची गोलाई दिसत नाही. अखेर सोंग दरबाराने हे काम वांग वेइयी याच्याकडे सोपवले. १०२७ मध्ये त्याच्या देखरेखीखाली मानवाकृती कांस्यपुतळ्यांची जोडी घडली. त्यांच्या अंगावर प्रत्येक बिंदूच्या जागी छिद्र होते.

७/ तेराव्या शतकातील लेखक चौ मी याने परीक्षेची पद्धत वर्णिली आहे : पुतळ्यावर मेणाचा लेप द्यायचा आणि आत पाणी भरायचे. विद्यार्थ्याची सुई योग्य जागी शिरली, तर पाणी बाहेर येई. चुकली, तर ती आत जातच नसे. मूळ पुतळे पुढे नाहीसे झाले. १४४३ मध्ये मिंग दरबाराने नवी प्रतिकृती करवली.

८/ हा वाद आधुनिक काळातही उरला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ३६१ बिंदूंच्या जागांचे प्रमाणीकरण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हाही सहा बिंदूंविषयी एकमत झाले नाही.

९/ जागा अचूक ठरली, म्हणजे उपचार सिद्ध झाला असे नव्हे. हे दोन प्रश्न निराळे आहेत. पुतळा फक्त पहिल्याचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी दरबारी कथा पुरत नाही, अनेक रुग्णांची काटेकोर तुलना लागते. म्हणून खळगा बोटाने अवश्य शोधा; सुई मात्र प्रशिक्षित हातातच असू द्या. ∎