कॅम्पिंग ट्रेलर : सुरक्षा साहित्य (संयुक्त अरब अमिराती)

कॅम्पिंग ट्रेलर : मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली बिनइंजिनाची गाडी. कॅरव्हॅन हे तिचेच दुसरे नाव. संयुक्त अरब अमिरातींत तिचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. दुबईजवळचे अल कुद्रा, शारजातले म्लैहा, हत्ता, जबल जैसचा घाट आणि दक्षिणेला रब अल खाली वाळवंटाच्या कडेवरचे लिवा ही तिची नेहमीची मुक्कामाची ठिकाणे. याच देशातील शेख हमद बिन हमदान अल नाह्यान यांच्यासाठी १९९० साली बांधलेल्या पाच मजली, १२० टनी कॅरव्हॅनची जगातील सर्वांत मोठी म्हणून गिनेस बुकात नोंद आहे. आठ शयनगृहे आणि चार गॅरेज असलेला तो वाडा या लेखाच्या कक्षेत येत नाही.

हंगाम पाच महिन्यांचा, म्हणजे उरलेले सात महिने ट्रेलर अंगणात किंवा भाड्याच्या जागेत उभा. पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा तो उन्हातच असतो. इथली सुरक्षा साधने वापराने कमी आणि उभ्या उभ्या जास्त खराब होतात. दुकानात वाळूतून गाडी काढायच्या रंगीत फळ्यांना गिऱ्हाईक भरपूर; टायरची तारीख मात्र क्वचितच कोणी वाचतो.

टायर : मोटारीचा टायर झिजतो, ट्रेलरचा म्हातारा होतो. नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूच्या रबराला केसाएवढ्या भेगा पडलेल्या असतात. टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात : २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. अमिरातींच्या नियमाप्रमाणे टायर उत्पादनापासून पाच वर्षांपर्यंतच वापरता येतो. ट्रेलरसाठीच बनवलेल्या बऱ्याच अमेरिकी टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किमी. असते; मागची वाहने १२० ने येत असली तरी ती ओलांडू नये. उन्हाळ्यात टायरांवर झाकण घालावे, हवा पूर्ण ठेवावी, अधूनमधून गाडी थोडी पुढेमागे करावी. बेअरिंगचे ग्रीस हंगामाआधी बदलावे. स्टेपनीचेही तारखेसह सगळे बघावे, कारण ती तर कायम उन्हाकडे तोंड करून टांगलेली असते. खरी कसोटी मात्र हंगामाबाहेर, ओमानमधल्या सलालाच्या सहलीत लागते. खरीफचा, म्हणजे तिथला मोसमी, पाऊस बघायला लोक जून ते सप्टेंबरात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, ओमानच्या वाळवंटातून हजारावर किलोमीटर ट्रेलर ओढतात.

जोड : मोटारीच्या बॉलवर ट्रेलरची वाटी बसते. आखातात अमेरिकी, युरोपीय आणि ऑस्ट्रेलियन अशा तिन्ही घराण्यांच्या गाड्या येतात आणि इथेच घोळ होतो. अमेरिकी बॉल २ इंचांचा, म्हणजे ५०.८ मिमी.; युरोपीय व ऑस्ट्रेलियन ५० चा. डोळ्याला फरक कळत नाही, पण अमेरिकी वाटीत ५० चा बॉल सैल बसतो आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतो. माप बहुधा बॉलवर कोरलेले असते, ते वाचावे. जोड निसटलाच तर दोन साखळ्या. त्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावतात, म्हणजे दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडतो. त्याही तुटल्या तर ब्रेकअवे केबल ताणली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. इलेक्ट्रिक ब्रेकच्या गाडीत हे काम एका लहान बॅटरीवर चालते आणि उन्हाळाभर चार्ज न झालेली ती बॅटरी हमखास मेलेली असते. केबल साखळीला नव्हे, मोटारीच्या चौकटीला स्वतंत्र अडकवावी. सामान मागे जास्त भरले की ट्रेलर शेपटी हलवू लागतो. अमेरिकी पद्धतीत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर ठेवतात. रुंद ट्रेलरला जोडआरसे लागतात. मुक्कामी मोटार सोडण्याआधी चाकांना ठोकळे लावावेत, नंतर नव्हे.

आग आणि वायू : एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका हवा, गळतीचा सूचक जमिनीजवळ. रबरी नळी वाकवून भेगा बघाव्यात, जोडांवर साबणाचे पाणी लावावे. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक वेगळा. तो झोपण्याच्या उंचीला लावतात आणि त्याच्या पाठीवर बदलण्याची तारीख छापलेली असते. थंडीच्या रात्री शेकोटीतले निखारे उबेसाठी आत नेणे ही वाळवंटातली जुनी, जीवघेणी सवय आहे. धूर नसला तरी वायू असतो, त्याला वास नसतो, आणि तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट रक्ताला चिकटतो. अग्निशामक नळकांडे दाराजवळ असावे. पुष्कळ पावडर-नळकांड्यांची तापमर्यादा ४९ अंश असते. बंद ट्रेलर उन्हात ती सहज ओलांडतो, तेव्हा मे ते सप्टेंबर नळकांडे घरात ठेवावे.

वाळू : उतरण्याआधी टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत कमी करतात, परतताना भरायला कॉम्प्रेसर लागतो. फावडे, फळ्या, जॅकखाली घालायला रुंद पाट, टेकडीपलीकडून दिसणारा उंच झेंडा हे ठरलेले साहित्य. रुतलेली गाडी दोर बांधून बॉलने ओढू नये. बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो. मापाचा शॅकल (कडी) वापरावा. किनाऱ्यालगतची सब्खा, म्हणजे मिठाचा पापुद्रा असलेली जमीन, वाळूहून फसवी. वरून गच वाटते, खाली चिखल.

पाणी : १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळ खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिमी. पाऊस पडला. वाडीत (कोरड्या ओढ्यात) तळ ठोकलेल्याला अशा पावसात कुठलेही उपकरण वाचवत नाही. जागा वर निवडणे एवढेच हातात असते. पूर आलेल्या वाडीत गाडी घातल्यास २०२३ पासून २,००० दिरहम दंड, २३ काळे गुण आणि ६० दिवस जप्ती आहे.

मदत : पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, अग्निशमन ९९७, राष्ट्रीय शोध व बचाव केंद्र ९९५. फोन लागला तरी जागा सांगता यावी म्हणून अक्षांश-रेखांश आधी लिहून ठेवावेत. ओमानच्या हद्दीत पोलिसांचा क्रमांक ९९९९.