यानाच्या नाकावरची गोधडी

आज आपण अमेरिकेच्या शटल यानाबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही त्याच्या नाकाबद्दल. हे यान माणसं घेऊन वर जायचं, विमानासारखं धावपट्टीवर उतरायचं आणि पुन्हा वापरलं जायचं.

परतताना यान ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने हवेत शिरतं. पुढची हवा दबून इतकी तापते, की नाकाच्या शेंड्यावर सुमारे १,६०० अंश सेल्सिअस उष्णता येते. एवढ्यात लोखंड वितळतं. आपल्याला वाटेल, नाक टोकदार हवं. पण १९५१ साली हार्वी अ‍ॅलन या शास्त्रज्ञाने उलटंच मांडलं, नाक बोथट ठेवा. बोथट नाकापुढे दबलेल्या हवेची ढाल उभी राहते आणि बरीचशी उष्णता बाजूने निघून जाते.

उरलेली सोसायला नाकाची टोपी केली ती कापडापासून! रेयॉनचं कापड राळेत भिजवायचं, थरावर थर लावायचे, भट्टीत त्याचा कोळसा करायचा. मग त्यात पुन्हा द्रव मुरवून पुन्हा भट्टी, असं तीनदा. वरून सिलिकॉन कार्बाइडचा लेप, नाहीतर हा कोळसा हवेत जळून जायचा.

टोपीच्या मागे हलक्या सिलिकाच्या फरशा चिकटवलेल्या. एप्रिल १९८१ मध्ये कोलंबिया यान पहिल्या फेरीहून आलं तेव्हा १६ फरशा गळाल्या होत्या. मग शिकत शिकत बदल झाले. नाकाच्या हनुवटीशी फरशांऐवजी टोपीचाच कार्बन बसवला. वरच्या, कमी तापणाऱ्या भागावर बऱ्याच फरशा काढून रजई लावली. आत सिलिकाचं भरण, दोन्हीकडून कापड आणि टाके. आमच्या गटातल्या गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे फार आवडलं. फ्लोरिडातल्या केंद्रात हे शिवणकाम करणाऱ्यांतही बायका होत्या.

पण जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया उडताना टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. ही कड नाकाच्या टोपीच्याच कार्बनची. यान वर असताना त्याचे फोटो काढून पाहू, असं काही अभियंत्यांनी सुचवलं होतं. वरिष्ठांनी ते मनावर घेतलं नाही. १ फेब्रुवारीला परतताना भोकातून तापलेला वायू आत शिरला आणि सातही जण गेले. त्यांत आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. सुचवणाऱ्याचं ऐकलं गेलं नाही, हे आम्हाला आजही बोचतं.

पुढचं उड्डाण जुलै २००५ मध्ये डिस्कव्हरीचं. कमांडर आयलीन कॉलिन्स ही बाई. अवकाश स्थानकाजवळ तिने अख्खं यान हळूहळू उलटं फिरवलं, म्हणजे स्थानकातल्यांना पोटाचे फोटो घेता यावेत. फोटोंत नाकाच्या मागे फरशांच्या फटीतून दोन पट्ट्या बाहेर आलेल्या दिसल्या. ३ ऑगस्टला स्टीव्ह रॉबिन्सनने यानाखाली जाऊन त्या हाताने ओढून काढल्या. कॉलिन्सच्या खिडकीखालची रजईसुद्धा फुगली होती. जमिनीवर वाऱ्याच्या बोगद्यात तशीच रजई तपासली, धोका नाही असं ठरलं, आणि ९ ऑगस्टला सगळे कॅलिफोर्नियात सुखरूप उतरले.