आरंभ कोठून करावा? ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी खेळमालेचा इतिहास

कोणताहि विस्तृत ग्रंथ हातीं घेतला कीं पहिला प्रश्न येतो तो आरंभाचा. महाभारताच्या बाबतींतहि हा प्रश्न जुनाच आहे. भारत कोठून सुरू होतें याविषयीं आदिपर्वांतच तीन मतें नोंदलेलीं आहेत. कोणी मनूपासून, कोणी आस्तीकाच्या कथेपासून, तर कोणी उपरिचर राजापासून त्याचा आरंभ मानतात. शिवाय युद्धाची हकीकत सांगितली जाते ती युद्धानंतर तीन पिढ्यांनीं, जनमेजयाच्या सर्पसत्रांत. घटनांचा क्रम एक आणि कथनाचा क्रम दुसरा, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना नवी नाहीं.

जपानांत १९८६ सालीं सुरू झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ-खेळांच्या मालेपुढें हाच प्रश्न उभा आहे. १९८६ पासून २०१७ पर्यंत या मालेंत अनुक्रमांक घातलेले अकरा मुख्य खेळ निघाले. उपकथा आणि नव्या यंत्रांसाठीं केलेलीं रूपांतरें निराळींच. घरांतील मुलानें किंवा मुलीनें ‘यांतला आधीं कोणता खेळूं?’ असें विचारलें, तर ‘अर्थात् पहिला’ हें उत्तर सहज तोंडीं येतें. परंतु पहिला म्हणजे कोणता? जो आधीं निघाला तो, ज्याची कथा आधीं घडते तो, कीं जो आपल्याला समजणाऱ्या भाषेंत आधीं येऊन पोंचला तो? या तीन प्रश्नांचीं उत्तरें एक नाहींत. तीं वेगळीं कां झालीं, हें समजण्यासाठीं मालेचा इतिहासच पाहावा लागतो.

हा खेळ चेंडूफळीसारखा चपळाईचा नव्हे, आणि बुद्धिबळासारखा केवळ डावपेंचांचाहि नव्हे. खेळणारा एका नायकाची भूमिका घेतो. तो गांवोगांव फिरतो, भेटेल त्याच्याशीं बोलतो, राक्षसांशीं आळीपाळीनें वार करीत झुंजतो, आणि अनुभव वाढेल तसतसें त्याचें सामर्थ्य वाढत जातें. कादंबरी वाचावी, पण तिच्यांतील वाट आपल्याच पायांनीं तुडवावी, असा हा प्रकार. त्याचा उगम अमेरिकेंतला. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे दोन खेळ तेथें १९८१ सालीं निघाले. दोन्ही संगणकावर खेळावयाचे, इंग्रजी भाषेंतले आणि नवख्याला घाबरविणारे.

‘ड्रॅगन क्वेस्ट’चे कर्ते युजी होरी यांचा जन्म १९५४ सालीं आवाजी बेटावर झाला. नियतकालिकांतून लेखन हा त्यांचा व्यवसाय. १९८२ सालीं एनिक्स या प्रकाशनसंस्थेनें खेळ रचणारांसाठीं एक स्पर्धा जाहीर केली. तींत होरी आणि कोइची नाकामुरा हे दोघेहि पारितोषिकास पात्र ठरले. पुढें अमेरिकेच्या प्रवासांत होरींची विझर्ड्रीशीं ओळख झाली, आणि हा प्रकार जपानी मुलांपर्यंत न्यावा असें त्यांच्या मनानें घेतलें. त्या वेळीं जपानी घरांत शिरत होतें तें निन्टेंडोचें ‘फॅमिकॉम’ हें यंत्र. तें १९८३ सालीं निघालें. त्याला टंकयंत्रासारखा अक्षरफलक नव्हता. हातांत धरावयाच्या लहानशा पट्टीवर दिशा दाखविणारी एक फुली आणि मोजकींच बटणें. ज्या मुलांनीं असा खेळ कधीं पाहिलाच नाहीं, त्यांना तो शिकवावा कसा? म्हणजे आरंभाचा प्रश्न होरींपुढें अगदीं पहिल्या दिवशींच उभा राहिला होता.

त्याचें उत्तर पहिल्या खेळाच्या पहिल्याच प्रसंगांत सांपडतें. नायक राजासमोर उभा आहे आणि दालनाचें दार बंद आहे. पेटींत थोडें द्रव्य आहे आणि एक किल्ली आहे. बोलावें, पेटी उघडावी, किल्लीनें दार उघडावें, जिना उतरावा. एवढें साधल्याखेरीज बाहेर पडतां येत नाहीं, आणि तें साधलें कीं खेळाच्या बहुतेक आज्ञा शिकून झालेल्या असतात. बाहेर पडतांच पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला डोळ्यांसमोर दिसतो. जावयाचें कोठें तें पहिल्याच क्षणीं कळतें. पोंचण्यास मात्र सगळा खेळ लागतो. ज्याला प्रवेशिका म्हणतात ती याहून चांगली क्वचितच कोणी लिहिली असेल.

चित्रें काढलीं अकिरा तोरियामा यांनीं. ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकांतील चित्रकथांमुळें त्यांचें नांव घरोघर पोंचलें होतें, आणि होरीहि त्याच साप्ताहिकांत लिहीत असत. संगीत दिलें तें पंचावन्न वर्षांच्या कोइची सुगियामा यांनीं. नाकामुरा यांच्या चमूनें यंत्राची बाजू सांभाळली. २७ मे १९८६ रोजीं खेळ विक्रीस आला. सगळा मजकूर, चित्रें आणि संगीत ६४ किलोबाइटांत बसविलेलें. आजच्या एका साध्या छायाचित्रालाहि याहून कितीतरी अधिक जागा लागते. कोठवर मजल झाली हें जपून ठेवण्याची सोयहि त्यांत नव्हती. राजा वीस अक्षरांचा एक ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगे. तो वहींत उतरून घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं यंत्रापुढें पुन्हां म्हणावयाचा. अक्षर चुकलें कीं श्रम वायां.

कथा साधी होती. आलेफगार्ड नांवाच्या देशावर संकट आलें आहे, आणि पूर्वीं त्या देशाला तारणाऱ्या रोतो नांवाच्या वीराचा वंशज एकटाच तें निवारण्यास निघतो. रोतो कोण, कोठला, हें कोणी सांगत नाहीं. लोकांच्या तोंडीं असते ती केवळ त्याची आख्यायिका. दुसरा खेळ २६ जानेवारी १९८७ रोजीं आला. त्यांत शंभर वर्षें लोटलीं आहेत, आणि त्याच कुळांतील तीन वंशज, म्हणजे दोन राजपुत्र आणि एक राजकन्या, मिळून प्रवास करतात. या खेळांतील मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबे.

तिसरा खेळ १० फेब्रुवारी १९८८ रोजीं, बुधवारीं, निघाला. दुकानांपुढें लांबच लांब रांगा लागल्या आणि त्या रांगांत शाळा बुडवून आलेलीं मुलें पोलिसांना सांपडलीं. यावरून, असे खेळ शाळेच्या दिवशीं विकूं नयेत असा कायदाच जपान सरकारनें केला, अशी एक कंडी जगभर पिकली. तसा कायदा कधींहि झाला नाहीं. कंडी पिकावी एवढी खळबळ उडाली, हें मात्र खरें. चौथा खेळ ११ फेब्रुवारी १९९० रोजीं आला, तो दिवस रविवारचा होता.

आरंभाचा सगळा वाद या तिसऱ्या खेळापासून सुरू होतो. त्याचें रहस्य जगजाहीर होऊन बरीच वर्षें झालीं, आणि रोतोची कथा येथून सुरू होते असें प्रकाशकांनींच नव्या आवृत्तीच्या वेळीं पुकारून सांगितलें, म्हणून तें येथें सांगण्यास प्रत्यवाय नाहीं. सोळा वर्षांचा एक वीर आपल्या पित्याचें अपुरें राहिलेलें कार्य पुरें करण्यास निघतो. सोबती खेळणारानें स्वतः निवडावयाचे. पहिल्या दोन खेळांशीं या जगाचा कांहीं संबंध आहे असें दीर्घकाळ भासतच नाहीं. मुख्य शत्रु पडतो, विजयाचा उत्सव सुरू होतो, आणि तेवढ्यांत कळतें कीं खरा शत्रु निराळाच आहे. नायक एका खोल विवरांतून खालच्या अंधाऱ्या जगांत उतरतो. तेथें पाऊल ठेवतांच कानीं पडतें तें पहिल्या खेळाचें संगीत, आणि समोर पसरलेली असते ती आलेफगार्डची भूमि. कार्य पुरें झाल्यावर नायकाला पदवी मिळते ती रोतो ही. ज्या पूर्वजाची कीर्ति पहिल्या खेळांत ऐकली, तो पूर्वज आपणच होतों, असा उलगडा खेळणारास होतो.

आतां हा आनंद कोणाच्या वांट्यास येतो? ज्यानें १९८६ सालीं आलेफगार्डचे डोंगर आणि पूल एकट्यानें तुडविले होते, त्याच्या. ज्याला तें संगीत ओळखीचें नाहीं, त्याला विवराखालीं आणखी एक देश लागतो, एवढेंच. कथेंतील काळ पाहिला तर तिसरा खेळ पहिल्याच्या आधींचा. परंतु त्याची रचना झाली ती पहिला खेळून आलेल्या माणसासाठीं.

जपानाबाहेर गोष्ट अधिकच गुंतागुंतीची झाली. अमेरिकेंत हा खेळ १९८९ सालीं पोंचला तो ‘ड्रॅगन वॉरिअर’ या नांवानें, कारण ‘ड्रॅगनक्वेस्ट’ हें नांव तेथें कागदावर खेळावयाच्या एका जुन्या खेळानें आधींच घेतलें होतें. रोतोचा एर्ड्रिक झाला. खप वाढावा म्हणून निन्टेंडोनें आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना त्याच्या प्रती फुकट वांटल्या. पहिले चार खेळ आले, आणि पुढें वाट खुंटली. पांचवा १९९२ चा आणि सहावा १९९५ चा. ते इंग्रजींत आले अनुक्रमें २००९ आणि २०११ सालीं. सातवा मात्र २००१ सालींच येऊन गेला होता, आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हें मूळ नांव तिकडे २००५ सालीं आठव्याबरोबर पोंचलें. स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फॅण्टसी’ या प्रतिस्पर्धी मालेची स्थिति तर याहून चमत्कारिक. तिचा चौथा खेळ अमेरिकेंत १९९१ सालीं ‘दुसरा’ म्हणून विकला गेला आणि सहावा १९९४ सालीं ‘तिसरा’ म्हणून. १९९७ सालीं सातवा आपल्या खऱ्या अंकानिशीं आला, तेव्हां तिसऱ्यानंतर एकदम सातवा कसा, असा तेथील गिऱ्हाइकांना प्रश्न पडला. अशा वाचकाला आरंभ निवडण्याची मोकळीक नव्हतीच. जें हातीं पडलें तोच त्याचा आरंभ.

असें असलें तरी अकराहि खेळ एकाच सूत्रांत ओंवलेले नाहींत. पहिले तीन रोतोचे. चौथा, पांचवा आणि सहावा यांना आकाशांतील एका किल्ल्याचा सैल धागा जोडतो. परंतु प्रत्येकाची कथा स्वतंत्र उभी राहते. पांचव्यांत एका माणसाचें बालपण, विवाह आणि पितृत्व असें सारें आयुष्य येतें. सातवा (२०००), आठवा (२००४) आणि नववा (२००९) हे स्वतंत्रच. दहावा (२०१२) अनेकांनीं दूरसंचाराच्या जाळ्यावर मिळून खेळावयाचा आणि मुख्यतः जपानी भाषेपुरता. अकरावा (२०१७) नवख्यालाहि सहज रुचेल असा. मात्र त्याच्या अगदीं शेवटीं जुन्या आख्यायिकेशीं एक दुवा जुळतो. तो कोणता, हें येथें न सांगणेंच न्याय्य होय.

१४ नोव्हेंबर २०२४ रोजीं तिसऱ्या खेळाची नवी, सजविलेली आवृत्ति निघाली आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजीं पहिला व दुसरा हे एकत्र निघाले. म्हणजे प्रकाशकांनीं या वेळीं कथेचा क्रम धरला. या निवडीच्या बाजूनें बोलण्यासारखें बरेंच आहे. तिसरा खेळ तिघांत संपन्न, आणि जपानांत अतिशय लाडका. पहिला त्यामानानें विरळ. एकटा नायक, एका वेळीं एकच शत्रु, आणि थोडी वस्ती. चित्रांच्या वैभवाला सरावलेल्या मुलाला तो कोरडा वाटण्याचा संभव आहे. नव्या आवृत्तींत पहिल्या दोन खेळांना नवे प्रसंग जोडून तो विरळपणा पुष्कळ भरून काढला आहे, आणि तिसऱ्याकडून तिकडे येणारास पूर्वजांच्या खुणा ओळखण्याचा एक वेगळा आनंदहि मिळतो.

तथापि दोन आनंद सारखे नव्हेत. खुणा ओळखण्याचा आनंद पुन्हां पुन्हां घेतां येतो. अकस्मात् उलगडा होण्याचा आनंद आयुष्यांत एकदांच मिळतो. आलेफगार्ड हें आधींच ठाऊक असलेलें घर आहे, अशा भावनेनें त्या विवरांत उतरावयाचें, तर आधीं तेथें राहून आलेलें असलें पाहिजे. पहिला खेळ लहान आहे. त्याच्यासाठीं मोजावें लागणारें मोल थोड्या संध्याकाळींचें. तिसऱ्यानें आरंभ करणारास तें मोल वांचतें, पण जें जातें तें मागाहून कोणत्याहि उपायानें परत मिळत नाहीं.

तेव्हां विचारणाऱ्या मुलास उत्तर देतां येईल तें असें. एकच खेळ खेळावयाचा असेल तर पांचवा किंवा आठवा घ्यावा; ते स्वतःपुरते पूर्ण आहेत. रोतोची कथा हवी असेल तर पहिला, दुसरा, तिसरा, हा प्रकाशनाचाच क्रम धरावा, मग आवृत्ति जुनी असो वा नवी. अकरावा त्यानंतर केव्हांहि खेळावा, म्हणजे त्याचा शेवट पुरतेपणीं उमगेल. सुगियामा २०२१ सालीं आणि तोरियामा २०२४ सालीं निवर्तले. त्या दोघांनीं होरींबरोबर १९८६ सालीं नवख्यासाठीं जें दार बसविलें, तें अजून जागच्या जागीं आहे, आणि किल्ली त्याच दालनांतील पेटींत आहे. आंत शिरणारानें तेथूनच शिरावें.