पिकअपचे टायर बदलताना : नक्षी, आकडे आणि हवेचा हिशेब

शेतमाल, पाण्याच्या टाक्या आणि बांधकामाचे साहित्य वाहणारे वाहन, एवढीच पिकअपची ओळख आपल्याकडे दीर्घकाळ होती. २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतीय बाजारात आल्यानंतर शहरातील हौशी भटक्यांचेही लक्ष या वाहनाकडे गेले. सकाळी समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दुपारी एखाद्या गावाच्या पाणंद रस्त्यावरील चिखलात उतरते. या दोन्ही ठिकाणी गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो केवळ तळहाताएवढ्या चार ठशांतून. त्यामुळे मूळ टायर झिजल्यावर नवे कोणते घ्यावेत आणि त्यांत हवा किती भरावी, हा प्रश्न हौसेपेक्षा सुरक्षिततेचा अधिक आहे.

तीन प्रकार, तीन स्वभाव

पिकअपसाठी मिळणाऱ्या टायरांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. 'एच/टी' अर्थात हायवे टेरेन टायरची नक्षी बारीक व सलग असते. तो डांबरी रस्त्यावर शांत चालतो, पावसात चांगला ब्रेक लागतो आणि इंधनही कमी लागते. मात्र ओल्या मातीत त्याच्या खाचा लगेच भरून जातात आणि चाक जागीच फिरू लागते.

'एम/टी' म्हणजे मड टेरेन. त्यात रबराचे मोठे ठोकळे व त्यांमध्ये रुंद खाचा असतात. चाक फिरताना खाचांत अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो. मराठवाडा-विदर्भातील काळी चिकण माती पावसाळ्यात टायरला लगद्यासारखी चिकटते, तिथे या गुणाचे मोल कळते. पण याच टायरचे रबर डांबराला कमी टेकते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. घरघर वाढते, झीज लवकर होते आणि इंधनाचा खर्चही वाढतो.

या दोहोंमधला 'ए/टी', म्हणजेच ऑल टेरेन. सह्याद्रीच्या घाटवाटा, जांभ्याची लाल माती, खडीचे रस्ते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचविणारा महामार्ग, असा मिश्र प्रवास असणाऱ्यांसाठी हाच पर्याय बहुधा योग्य ठरतो. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने केवळ रुबाबासाठी एम/टी टायर घेणे म्हणजे उरलेले सर्व दिवस ओल्या डांबरावरील पकड गमावणे होय.

आकड्यांची भाषा

टायरच्या बाजूवर '२६५/६५ आर १७ ११२ एस' अशी अक्षरे कोरलेली असतात. २६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १७२ मिलिमीटर. 'आर' रेडियलसाठी आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. या मापाच्या टायरचा एकूण व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर होतो.

त्यापुढील ११२ हा भारांक. या अंकाचा टायर पुरेसा दाब असताना १,१२० किलो भार पेलू शकतो. १२१ भारांकाचा टायर १,४५० किलो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे. 'क्यू' म्हणजे ताशी १६०, 'एस' म्हणजे १८० आणि 'टी' म्हणजे १९० किलोमीटर. नवा टायर घेताना भारांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. पिकअपच्या मागील चाकांवर सामानाचा बोजा येत असल्याने हा नियम मोटारीपेक्षाही येथे महत्त्वाचा आहे.

याच बाजूवर चार अंकी सांकेतिक क्रमांक असतो. '२३२४' असे लिहिले असेल, तर तो टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसली, तरी वयोमानाने रबर कडक होते. सहा वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर तो बदलावाच, असा सर्वसाधारण संकेत आहे. गाडीखाली टांगलेली स्टेपनीही याला अपवाद नाही.

मोठा टायर लावावा का?

गाडी उंच दिसावी म्हणून मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविण्याची प्रथा वाढली आहे. त्याचा हिशेब पाहू. २६५/६५ आर १७ ऐवजी २६५/७० आर १७ लावल्यास व्यास सुमारे २६ मिलिमीटरने वाढतो. गाडीची जमिनीपासूनची उंची मात्र त्याच्या निम्मीच, म्हणजे १३ मिलिमीटर वाढते. त्या बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग १०३ च्या पुढे जातो, ब्रेक व इंजिनवरील ताण वाढतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर टायर आतील भागाला घासण्याची शक्यता निर्माण होते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे उत्पादकाने मान्य केलेल्या मापातच राहून टायरचा प्रकार बदलणे श्रेयस्कर.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि शक्यतो सारख्याच झिजेचे असावेत. पुढील व मागील चाकांच्या परिघात फरक पडला, तर पकड असलेल्या जमिनीवर फोर-व्हील जोडताच गिअरच्या यंत्रणेवर अनावश्यक ताण येतो. स्टेपनीसह पाचही टायर दर ८ ते १० हजार किलोमीटरनंतर आळीपाळीने फिरविल्यास झीज समान राहते.

पौंडांचे गणित

टायरच्या दुकानात 'किती पौंड?' असे विचारले जाते, तेव्हा तो पौंड प्रति चौरस इंच हा दाब असतो. त्याचे उत्तर टायरवर नसून गाडीवर, बहुधा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर असते. टायरवर कोरलेला आकडा कमाल दाबाचा असतो. तेवढी हवा भरावी असा त्याचा अर्थ नव्हे. पिकअपच्या पट्टीवर अनेकदा रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे दाब दिलेले असतात. भरलेल्या गाडीचा दाब रिकाम्या गाडीत ठेवला, तर मागील भाग उसळतो आणि टायर मध्यभागी झिजतो. उलट, रिकाम्या गाडीच्या दाबावर बोजा लादला, तर टायरच्या भिंती वाकतात व तापतात.

धोका खरा तो इथेच. २६५/६५ आर १७ मापाचे चाक ताशी १२० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ८२० फेरे घेते. हवा कमी असेल, तर प्रत्येक फेऱ्याला भिंत दुमडते आणि सरळ होते. त्यातून निर्माण होणारी उष्णता बाहेर पडू शकली नाही, की आतील थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. विदर्भातील उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीसह तासन्‌तास एकाच वेगाने जाताना हा धोका सर्वाधिक असतो.

हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना तपासावी. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले, की दाब सुमारे एक पौंड वाढतो. प्रवासात दाब ४ ते ६ पौंड वाढलेला दिसला, तरी ती हवा काढू नये. टायर थंड झाल्यावर तो गरजेपेक्षा खाली जाईल. नायट्रोजन भरल्याने ही तपासणी टळत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

जाड बांधणीचे 'एलटी' वर्गातील टायर घेतल्यास, तेवढाच भार पेलण्यासाठी त्यांना मूळ टायरपेक्षा अधिक दाब लागतो. तो अंदाजाने न ठरवता टायर कंपनीच्या भार-दाब कोष्टकावरून ठरवावा.

कच्च्या वाटेवर हवा कमी करताना

हवा कमी केली की टायरचा ठसा लांब होतो, भार पसरतो आणि चाक रुतत नाही. हलके सामान असलेल्या पिकअपसाठी ठोकताळे असे : खडीचा रस्ता २५ ते २८ पौंड, चिखल २० ते २४, कोरडी वाळू १५ ते १८. गाडीत बोजा असल्यास यात वाढ करावी. १५ पौंडांखाली साध्या रिमवरून टायर निसटण्याची भीती असते. सह्याद्रीतील अणकुचीदार बेसाल्टवर हवा फार कमी करणेही घातक, कारण फुगलेली बाजू दगडाला कापली जाते आणि बाजूचा काप पंक्चरप्रमाणे दुरुस्त करता येत नाही.

कमी दाबावर वेग कमीच हवा; वाळूत ताशी २० किलोमीटरच्या आसपास. डांबरी रस्ता लागताच, महामार्गावर जाण्यापूर्वी हवा पूर्ववत भरावी. त्यासाठी दाबमापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कंप्रेसर सोबत असणे आवश्यक. ज्याच्याकडे हवा भरण्याचे साधन नाही, त्याने ती काढूच नये.

खरेदीपूर्वी हे तपासा

* उत्पादनाचा आठवडा व वर्ष, तसेच आयएसआय चिन्ह.
* भारांक व वेगमर्यादेचे अक्षर मूळ टायरइतके किंवा त्याहून अधिक.
* नक्षीची खोली : केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार किमान १.६ मिलिमीटर आवश्यक. पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटरपेक्षा कमी राहिल्यास टायर बदलणे हिताचे.
* बाजूला फुगा किंवा खोल काप असल्यास टायर त्वरित बाद करावा.
* नवे टायर बसविल्यावर बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे आणि स्टेपनीतील हवाही तपासावी.